वर कोण राहतं?

पाहुणे आले त्याच सकाळी मोजणीवालीही आली. दोघांत एका दिवसाचं जरी अंतर पडलं असतं, तरी अन्नपूर्णाबाई ताकसांडेंच्या नव्या घराची नोंद जशी व्हायची तशी झाली असती.

घर वर्धा रोडवरच्या लेआउटमध्ये होतं. खाली हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर; वर तेवढंच बांधकाम. खालचं राहण्याजोगं झालं होतं. वरचं नुसतं उभं होतं. आतल्या भिंतींना प्लास्टर नव्हतं, मागच्या बाजूच्या खिडक्यांना पल्ले नव्हते, बाहेरून चढणाऱ्या जिन्याला कठडा नव्हता. अन्नपूर्णाबाई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होत्या. नवरा लवकर गेला. समीक्षाला त्यांनी भाड्याच्या खोल्यांमधून वाढवलं, फार्मसी शिकवली, आणि निवृत्ती दिसू लागली तेव्हा कर्ज काढून स्वतःचं घर बांधायला घेतलं. स्लॅब पडेपर्यंत सगळं हिशेबात होतं, नंतर हात आखडला. वरच्या दाराला कुलूप लावून त्यांनी तो मजला पुढच्या काळावर सोडून दिला.

पाहुणे पवनारचे होते. नानाजी नगराळे वर्धा बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की अजूनही माइक लागू नये. सोबत त्यांची बायको प्रमिलाबाई आणि मुलगा रुपेश. रुपेश आणि समीक्षा एकमेकांना चांगले ओळखत होते, त्यांनी आपसांत ठरवलेलंच होतं. पाहण्याचा कार्यक्रम मोठ्यांचा मान राखण्यापुरता. पण नानाजींनी अजून होकार दिला नव्हता, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन रुपेश काही करणार नाही, हे समीक्षाने आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलीकडून एखादं मोठं माणूस बसायला हवं म्हणून आंजीहून थोरले दीर बंडूजी आले होते. त्यांनी पाहुण्यांना घर दाखवलं, म्हणजे खालचं दाखवलं. मग पोहे आले. नानाजींनी बशी हातात घेतली, पण चमचा लावला नाही.

"एक इच्यारू का, बाई? राग नका मानू," ते म्हणाले. "पोरगी तुमाले एकच. ती गेल्यावर पुढं तुमचं कसं?"

प्रश्न सरळ होता आणि हॉलमधल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला होता. एकुलत्या एका मुलीशी लग्न म्हणजे उद्या तिच्या आईचं दुखणंखुपणंही घरात येणार. अन्नपूर्णाबाई दुसरी बशी घेऊन मध्येच उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत बंडूजी पुढे सरसावले.

"त्याची काई फिकीर करू नका जी! एक तं पेन्शन येईन. अन् वरचा मजला भाड्यानं देल्ला हाय. ब्यांकेचे साहेब राह्यतात. असा सज्जन मानूस, का वरून आवाजसुदिक येत नाई."

प्रमिलाबाईंनी नुसतं छताकडे पाहिलं. खरंच आवाज येत नव्हता.

अन्नपूर्णाबाईंना बोलायला वेळ होता. नंतर त्यांनी ती सकाळ मनात पुन्हापुन्हा तपासली, तेव्हा त्यांना हेच दिसलं, की वेळ भरपूर होता. नानाजी त्यांच्याकडे बघत होते. "नाही हो, रिकामाच आहे" एवढं म्हणायला किती लागतं? पण त्यांच्या तोंडून निघालं ते, "पोहे घ्या ना, थंड होतील."

तेवढ्यात फाटक वाजलं. नगरपंचायतीने नव्या घरांची मोजणी एका कंपनीकडे दिली होती. तिची माणसं लेआउटमध्ये फिरत होती आणि आज या ओळीचा नंबर होता. आलेल्या बाईचं नाव रीता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट.

"पाहुणे आहेत, उद्या या ना," अन्नपूर्णाबाई दारातच म्हणाल्या.

"बाहेरचं मोजून झालं जी. दोन प्रश्न फक्त."

पण पाहुणे बसलेले असताना दारी आलेलं माणूस उभ्याउभ्या परत पाठवणं बंडूजींना कमीपणाचं वाटलं. "अवं, ये ना बाई आत! पोहे खाऊन जाजो." त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. रीता बसली, बशी मांडीवर घेतली, आणि टॅबलेटवर नजर ठेवून सगळ्यांनाच मिळून विचारलं, "वर कोण राहतं?"

"भाडेकरू हायेत," नानाजींनी उत्तर दिलं. गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगावं तसं, खणखणीत. "ब्यांकेचे साहेब."

"वर कुलूप दिसलं मला."

"ड्यूटीवर असतीन ना आता! ब्यांक काय घरी भरते?"

सगळे हसले. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांच्या एका हातात चहाचं भांडं होतं, दुसऱ्यात गाळणी. रीताने टॅबलेट फिरवून खोलीतल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे धरला. "माहिती देणाऱ्याची सही लागते. बोटानं करा. तुमचं नाव? घरमालकिणीशी नातं काय लिहू?"

नानाजींचं बोट काचेवर थांबलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग रुपेशकडे, मग नुकतीच तयार होऊन आतल्या खोलीच्या दारात ओढणी घट्ट पकडून उभ्या राहिलेल्या समीक्षाकडे.

"इवाई लिहा," ते म्हणाले.

ते स्वतःला व्याही म्हणवून घेताहेत, हे क्षणभर कोणाला कळलं नाही. मग बंडूजींनी मांडीवर थाप मारली, "झालं! जमलं! इवाई झाले!" आणि प्रमिलाबाईंनी समीक्षाला जवळ ओढून घेतलं. होकार असा मिळाला. रीतालाही पेढा मिळाला. नानाजींनी हसतहसत सही केली आणि वरच्या मजल्यावर राहायला आलेला माणूस नगरपंचायतीच्या दप्तरात कायमचा दाखल झाला.

*

नोटीस आली तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता आणि लग्नाचा हॉल ठरला होता.

अन्नपूर्णाबाईंनी ती रक्ताचा रिपोर्ट वाचतात तशी, वरून खाली, एकही रकाना न सोडता वाचली. पहिली कर आकारणी. तळमजला, स्वतःच्या वापरात. पहिला मजला, भाड्याने. भाड्याच्या भागाचा दर वेगळा आणि चढा, त्यामुळे सगळा आकडा त्यांनी धरला होता त्याच्या तिपटीवर गेला होता. खाली लिहिलं होतं, की हरकत असल्यास महिनाभरात लेखी द्यावी. न दिल्यास आकारणी कायम समजण्यात येईल आणि पुढील आकारणीपर्यंत तीच चालू राहील.

समीक्षा वर्ध्याहून ड्यूटी करून आली. तिने नोटीस उचलली, वाचली, आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"आई, वर कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग हे काय आहे? रुपेश मला विचारत होता, तुमचे भाडेकरू कोणत्या बँकेत आहेत म्हणून. मला वाटलं, चेष्टा करून राह्यला."

अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं. सांगायला फारसं नव्हतंच. समीक्षा त्या सकाळी आतल्या खोलीत तयार होत होती, तिने बंडूजींचं वाक्य ऐकलं नव्हतं.

"म्हणजे बाबांनी हो म्हटलं ते यावर?" नानाजींना ती आता बाबा म्हणू लागली होती.

"मला माहीत नाही, कशावर म्हटलं ते."

"तू तिथंच होती ना?"

"होते."

समीक्षाने नोटीस टेबलावर ठेवली. "नोटीस आली एवढंच मी रुपेशला सांगेन, बाकी नाही. माझ्या तोंडून गेलं तर ते माझं होईल. तू सांग, बाबांना. पण लवकर सांग, आई."

त्या संध्याकाळी बंडूजींचा फोन आला. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. "या साली भरून टाक. काऊन डोकं लावतं? लगन झालं का भाडेकरू गेला म्हनू, बदली झाली म्हनू. ब्यांकवाल्याची बदली होतच असते."

"जायला आधी यायला लागतो ना, भाऊजी."

"तू लई बारीक पाह्यतं बाप्पा!"

बारीक पाहणं हेच त्यांचं काम होतं. दवाखान्यात लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यायला मुलंमुली येत. कधीकधी रिपोर्ट नको तसा निघे आणि मग मुलीची आई मागच्या दाराने येऊन हात धरे. "बाई, फक्त लग्नापुरतं दुसरं लिहा. नंतर आम्ही सांगू." अन्नपूर्णाबाई त्या बायांना बसवत, पाणी देत, आणि रिपोर्ट होता तसाच देत. एकदाही बदलला नव्हता. त्या बायांची कीव येई, थोडा रागही येई. एवढं धरून ठेवण्यासारखं काय असतं, असं वाटे. आता त्यांना त्यातल्या एकेकीचा चेहरा आठवू लागला.

हरकतीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. "पहिला मजला अपूर्ण व रिकामा असून तो कधीही भाड्याने दिलेला नाही." वाक्य वाचलं. त्यात एकही शब्द कमीजास्त नव्हता, आणि त्याच वाक्याने नानाजींची सही खोटी ठरत होती.

अर्ज देऊन झाल्यावर त्यांनी नानाजींना फोन लावला. पण बोलले नानाजीच.

"नोटीस आली ना, इहीनबाई? रुपेशनं सांगतलं. भाड्याच्या भागाले असाच डबल-तिबल लावतात हे लोक. तुमी एकट्या जाऊ नका, मी येतो सुनावनीले. सही माझी हाय त्यावर, मले यावंच लागन. त्या साहेबाचा भाडेपट्टा तेवढा काढून ठेवजा, म्हंजे भाडं किती ते दाखवता येईन. काई घाबरू नका."

"नानाजी, तुम्ही कशाला त्रास…"

"तरास कायचा? आता आपलं घर एकच हाय."

फोन बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पुढचं सगळं संभाषण त्यांनी "हो" आणि "बरं" यावर काढलं होतं. पुन्हा एकदा वेळ होता आणि पुन्हा एकदा त्या गप्प बसल्या होत्या. पहिल्यांदा बंडूजी बोलले होते असं तरी म्हणता येत होतं.

*

सुनावणीच्या दिवशी नगरपंचायतीच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. नवीन घरं बांधलेली सगळी माणसं नोटिसा घेऊन आली होती. कोणी गोठा खोलीत धरला म्हणून, कोणी टिनाचं शेड स्लॅब दाखवलं म्हणून. नानाजी पवनारहून पहिल्या बसने आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. अन्नपूर्णाबाईंसाठी त्यांनी बाकावर रुमाल टाकून जागा धरली होती.

"भाडेपट्टा आनला ना?"

"नानाजी, त्याचंच बोलायचं होतं."

"नाई आनला? हरकत नाई. मी सांगतो ना तोंडी." त्यांनी फाइल मांडीवर ठेवली. "माह्या शब्दाले वजन पडन. मी स्टँडवर होतो तवाचे लोक अजून वळखतात. काऊन? गाडी डोळ्यानं पाह्यल्याबिगर 'लागली' म्हून मी कधी पुकारलं नाई. डेपोतून फोन येवो, का कंडक्टर पुढं पळत येवो. गाडीचं तोंड दिसलं पाह्यजे. मंगच."

शेजारचा माणूस आपल्या गोठ्याची गोष्ट तिसऱ्यांदा कोणाला तरी सांगत होता. अन्नपूर्णाबाईंनी मान नानाजींकडे वळवली आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी बंडूभाऊजी जे बोलले ना, ते…"

"ताकसांडे! अन्नपूर्णा ताकसांडे!" शिपायाने दारातून पुकारा केला.

नानाजी ताडकन उठले. "चाला. आपली लागली."

आत टेबलामागे कर अधिकारी होते आणि बाजूच्या खुर्चीवर टॅबलेट घेऊन रीता. साहेबांनी मान वर न करता अर्ज उघडला आणि गोष्ट आटपायची असल्यासारखा भरभर मोठ्याने वाचला. "पहिला मजला अपूर्ण व रिकामा असून तो कधीही भाड्याने दिलेला नाही. बरोबर?"

अन्नपूर्णाबाईंना बाजूला बघायची गरज नव्हती. नानाजींच्या फाइलचा कुरकुर आवाज थांबला होता, एवढं पुरे होतं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"आमच्या नोंदीत भाडेकरू आहे. बँक अधिकारी. माहिती देणारे नानाजी नगराळे, नातं…" साहेबांनी चष्मा सारखा केला, "इवाई. आलेत का ते?"

"मीच," नानाजी म्हणाले. त्यांचा आवाज कोणीतरी बटण फिरवावं तसा खाली आला होता.

"तुम्ही सांगितलं, वर भाडेकरू राहतो. या म्हणतात, कधीच नव्हता. दोन्ही तर खरं नसेल. तुम्ही तो माणूस पाहिला होता?"

नानाजी टेबलाच्या काचेकडे पाहत राहिले. अन्नपूर्णाबाईंना स्पष्ट दिसत होतं, की त्यांना सुटायला एक वाक्य पुरेसं आहे. मला यांच्याच घरी सांगितलं, असं त्यांनी म्हणावं आणि मोकळं व्हावं. त्यांनी ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटून गेलं.

"नाई," नानाजी म्हणाले. "पाह्यला नाई."

"मग सही कशी केली?"

मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. नानाजींच्या मानेवर लाली चढली.

"त्यांना आमच्या घरात तसं सांगितलं गेलं होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. शब्द आपापल्या जागी पडत होते. "माझ्या थोरल्या दिरांनी सांगितलं. मी पोह्यांची बशी घेऊन तिथंच उभी होते. ते खरं नाही हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. पाहुणे मुलीसाठी आले होते. यांनी माझ्या घरात ऐकलं तेच या मोजणीच्या बाईंना सांगितलं. सही खोटी नाही साहेब, आम्ही सांगितलेलं खोटं आहे."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांना या सगळ्यात पडायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बाई, लग्नाचं मला नका सांगू. मजला रिकामा आहे का, एवढंच माझं काम. अन् रिकामा तर सगळेच म्हणतात. नोटीस आली की भाडेकरू गावाला जातो. मी कशावरून धरू?"

"चालून बघा."

"बघतोच." ते रीताकडे वळले. "आत्ताच जा. फोटो काढ, पुन्हा नोंद घे. आणि नगराळेजी, तुम्ही पण जा सोबत. पहिली माहिती तुमची. आता पाहून सांगा."

*

ऑटोत नानाजी पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसले. मागे अन्नपूर्णाबाई आणि रीता. अन्नपूर्णाबाईंना नानाजींच्या शर्टाची पाठ दिसत होती. इस्त्रीच्या घडीवर घामाचा डाग पडला होता. लग्नाचा हॉल रस्त्याच्या कडेला होता. ऑटो त्याच्यासमोरून गेली, तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं.

समीक्षाने सुट्टी घेतली होती. फाटकाचा आवाज ऐकून ती बाहेर आली. नानाजींचा चेहरा बघितला आणि काही न विचारता आत जाऊन पाणी घेऊन आली.

"राहू दे बेटा," नानाजी म्हणाले. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

समीक्षा तशीच ट्रे घेऊन उभी राहिली. सोयरिकीच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं, रीतालासुद्धा. तिने उगीचच टॅबलेट पुसला.

अन्नपूर्णाबाई जिना चढल्या. कुलूप पावसाने धरलं होतं. किल्ली आत जाई, पण फिरेना. त्यांनी दोनदा जोर केला, बोटांना वळ उठले. खाली नानाजी वर बघत उभे होते. त्या माणसाला वाटत असेल, की हेही नाटक आहे, असं त्यांच्या मनात आलं. समीक्षाने खालून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. तेल सोडलं, थांबल्या, पुन्हा फिरवली. कुलूप उघडलं.

नानाजी भिंतीला हात लावत, एकेक पायरी जपून चढले. कठडा नसल्याने उजवीकडे नुसती हवा होती.

आत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, उरलेल्या टाइल्स, सेंटरिंगच्या फळ्या. भिंतीतून विजेच्या वायरी लोंबत होत्या. खिडकीच्या भोकातून आलेल्या कबुतरांनी एक कोपरा आपला केला होता. धुळीवर त्यांच्या पायांचे ठसे होते आणि माणसाचा एकही नव्हता. रीताने भराभर फोटो काढले.

नानाजी मात्र घाईत नव्हते. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले, पुढे जिथे न्हाणीघर व्हायचं होतं तिथेही डोकावले. मग खिडकीपाशी थांबले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला भिंतीची धूळ लागली होती.

"आवाजसुदिक येत नाई म्हने," ते पाठमोरेच बोलले.

अन्नपूर्णाबाई दारातच होत्या. "तुम्ही विचारलं होतं, पुढं माझं कसं. त्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. हे असं आहे. पेन्शन येईल, त्यातून कर्ज जाईल, मग उरलं तर हा मजला. समीक्षाकडून मी काही मागणार नाही. पण दुखणं आलं तर ती धावून येईल. नाही येणार असं मी सांगू शकत नाही."

"अन् हे तवा काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही उठून जाल असं वाटलं."

नानाजी वळले. "मले त्या साहेबानं सगळ्यांपुढं इच्यारलं, सही कशी केली म्हून. जलमभर मले असं कोनी इच्यारलं नाई. तुमी फोनवर सांगू शकत होत्या. व्हरांड्यात सांगू शकत होत्या."

"हो."

"हो काय?"

"सांगू शकत होते. दोन्ही वेळा."

त्यांनी आणखी काही कारण जोडलं नाही. नानाजी त्याची वाट बघत असावेत, कारण ते बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"अन् मीबी इच्यारलं ते भ्याऊनच इच्यारलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "खोटं कायले बोलू. माह्या मनात होतंच, का उद्या आपल्यावर पडन म्हून. भाडेकरू हाय म्हनल्यावर मले बरं वाटलं. म्हून तं न पाह्यता सही केली."

खाली अंगणात ट्रेमधला ग्लास वाजला. समीक्षा अजून तिथेच उभी होती.

रीता पुढे आली. "पुन्हा नोंद टाकली मी. पहिला मजला अपूर्ण, रिकामा. घरमालकिणीची सही, आणि पाहणीला हजर असलेल्याची सही."

अन्नपूर्णाबाईंनी सही केली. टॅबलेट नानाजींकडे गेला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"आधी वाचून दाखवा."

रीताने वाचलं. नानाजींनी मध्येच थांबवून "खिडक्या" असा शब्द टाकायला लावला, तिने तो टाकला. मग तिचं बोट एका रिकाम्या रकान्यावर आलं आणि ती अडखळली. अंगणातलं पाणी तिनेही पाहिलं होतं.

"नातं… काय लिहू जी?"

कोपऱ्यात कबुतर फडफडलं. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, की आपण श्वास घेतला तर उत्तर बदलेल.

"मागं काय लिहिलं होतं?" नानाजींनी विचारलं.

"इवाई."

"मंग? तेवढं तं पोरीले पाहूनच लिहिलं होतं ना मी." त्यांनी टॅबलेट घेतला आणि बोटाने सही केली. "ते राहू द्या तसंच."

अन्नपूर्णाबाईंनी जवळच्या भिंतीचा आधार घेतला. हाताला सिमेंटची भुकटी लागली, तरी तो तिथेच राहिला.

नानाजी दाराकडे निघाले. "चहा आज नाई घेत. बंडूजीले पवनारले पाठवा. मले एकट्याले नाई, घरच्यांपुढं सांगतीन ते, जसं इथं घरच्यांपुढं सांगतलं होतं. मंग बसू." त्यांच्या बोलण्यात राग तसाच होता, तो कमी झाल्याचा आव त्यांनी आणला नाही.

जिन्याच्या वरच्या पायरीवर ते थबकले. उजवीकडच्या मोकळ्या हवेकडे पाहिलं, मग भिंत धरून उतरू लागले. अर्ध्यावर आल्यावर वर न बघता म्हणाले, "अन् ह्या जिन्याले कठडा लावून घ्या, इहीनबाई. मांडवाच्या दिवशी पाव्हने वरसुदिक येतीन."

खाली समीक्षा ट्रे घेऊन पुढे झाली. नानाजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि उभ्याउभ्याच रिकामा केला.